गजाला बांधलेला फ्रिज

बोईसरला माझ्या मालकीणबाईंनी फ्रिज खिडकीच्या गजाला बांधून ठेवला होता. हिरव्या नायलॉनच्या दोरीने, बोटीवर वापरतात तसल्या. सिलिंडर ओट्याच्या पायाला बांधलेला, टीव्ही कपाटाला आणि कपाट भिंतीतल्या हुकाला. मी खोली बघायला गेलो त्या दिवशी त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि चहा दिला. खुर्ची जरा पुढे ओढायला गेलो तर टेबलही सोबत आलं, कारण ती टेबलाच्या पायाला बांधलेली होती, आणि चहा सगळा माझ्या पँटवर. "सुटला तर कोन पकडल?" एवढंच म्हणून त्यांनी मला पुसायला फडका दिला. त्या फडक्यालाही दोरी होती.

मी तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर. मूळचा साताऱ्याकडचा. माणसाने हेल्मेट घातलं नाही तर त्याच्यावर ओरडायचं, एवढ्यासाठी मला पगार मिळतो. त्यामुळे ही बाई मला पहिल्याच भेटीत पटली, आणि ती खोली मी घेतली. तेव्हा माहीत नव्हतं की आपण खोलीबरोबर एक नोकरीही घेतोय, आणि तिला साप्ताहिक सुट्टी नाही.

बोईसरला लागून असलेल्या बेटेगावात त्यांची वर-खाली मिळून आठ-दहा खोल्यांची इमारत. भाडेकरू सगळे कंपन्यांतले, निम्मे हिंदी बोलणारे. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणायचो. नावाने हाक मारायची मावशींची पद्धतच नव्हती. जो जे काम करतो ते त्याचं नाव. समोरच्या खोलीतला बिहारचा पोरगेला माणूस क्रेन चालवायचा, तो "क्रेन". मी "सेफ्टी". मावशींचा बाजारात मासळी विकण्यात जन्म गेलेला, त्यामुळे त्यांचा साधा आवाजसुद्धा तीन गाळ्यांपलीकडच्या गिऱ्हाइकासाठी बेतलेला होता. सकाळी "ए सेफ्टी" अशी हाक आली की माझ्या आधी शेजारच्या इमारतीतले लोक दार उघडायचे.

मध्यंतरी तलासरीकडून जमिनीला हादरे बसत होते तेव्हा एकदा आमची इमारतही चांगली हलली. सगळे खाली पळाले. मावशी मात्र घरातच. फ्रिज जागेवर, टीव्ही जागेवर, आणि त्या खुर्चीत बसून बाहेर पळणाऱ्यांकडे बघतायत. त्या दिवसापासून त्यांनी प्रत्येक भाडेकरूला एक-एक दोरीचं बंडल वाटलं. मी सेफ्टी ऑफिसर असून मला हे सुचलं नव्हतं, हे त्यांनी पुढे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, अगदी दूधवाल्यालासुद्धा.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे आभाळ. सकाळी दारातल्या ओट्यावर उभं राहून, नाक वर करून त्या हवा हुंगायच्या आणि निकाल द्यायच्या. "आज पडल." त्या दिवशी आम्ही छत्र्या घरी ठेवायचो. "आज नाय पडत" म्हणाल्या की क्रेन रेनकोट शोधायला लागायचा. मावशींच्या अंदाजाच्या बरोब्बर उलट वागून आम्ही वर्षानुवर्षं कोरडे राहिलो, आणि हे त्यांना कोणीही कधी कळू दिलं नाही. मच्छीमाराच्या घरातल्या बाईचा आभाळाचा अंदाज चुकतो, हे तोंडावर कोण सांगणार?

घर त्यांचं समुद्राकाठच्या मुरबे गावातलं. नवरा आणि दीर मिळून बोट चालवायचे, मावशी मासळी घेऊन बोईसरच्या बाजारात बसायच्या. बोटीचे निम्म्याहून जास्त पैसे त्यांच्या टोपलीतून उभे राहिलेले, म्हणून नवऱ्याने बोटीला नाव दिलं ते त्यांचंच. पुढच्या टोकावर दोन्ही बाजूंनी, लाल आणि पिवळ्या रंगात, हातभर अक्षरं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, बोट आता दीर चालवतो, पण नाव दरवर्षी नव्याने रंगवलं जातं. त्यांच्या घरात टीव्हीवर, म्हणजे टीव्हीला बांधलेल्या चौकटीत, त्या बोटीचा फोटो होता. त्या फोटोत मावशी नव्हत्या. मला वाटायचं, फोटो त्यांनीच काढला असेल.

मुलगा अमेरिकेत, तिकडच्या वाळवंटातल्या एका शहरात, कॉम्प्युटरचं काम करतो. तिथून काही तासांवर कोलोराडो नदी एका अफाट दरीतून वाहते. दोन्ही बाजूंना लाल दगडाच्या भिंती, वर वाळवंट, खाली खवळलेलं पाणी. लोक हवा भरलेल्या रबरी तराफ्यांत बसून त्या पाण्यातून खाली जातात, रात्री काठच्या वाळूवर झोपतात. दोन-दोन आठवडे ना गाव लागतं, ना दुकान, ना फोन. आपलं आपण जायचं तर परवान्याची सोडत निघते, आपल्याकडे सरकारी घरांची निघते तशी. लोक वर्षानुवर्षं अर्ज भरून थकतात. ह्याने गंमत म्हणून पहिल्यांदा भरला आणि ह्याचाच नंबर लागला.

त्याने आईला फोन केला, "तू चल." एवढ्यावर थांबला असता तर ठीक होतं. पण त्याने बरोबरच्या मित्रांना सांगून टाकलं होतं की आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या बोटी आहेत, माझी आई लाटा बघतच वाढली, तिला विचारल्याशिवाय एक गाठ मारायची नाही. मित्रांनी मावशींना लगेच सल्लागार नेमलं. मावशींनी पद स्वीकारलं आणि जिन्यातून हाक दिली, "ए सेफ्टी, लॅपटॉप घेऊन खाली ये. माजी मीटिंग हाय."

तेव्हापासून वर्षभर माझ्या रविवारच्या सकाळी त्या नदीत वाहून गेल्या. तिकडे शनिवारची रात्र, इकडे रविवारची सकाळ. मी लॅपटॉप लावायचो, मावशी तो आधी गजाला बांधायच्या, मग पदर सावरून समोर बसायच्या. पडद्यावर मुलगा आणि त्याचे मित्र. त्यातला एक पुण्याचा होता आणि त्याने सगळा बेत तक्त्यांत मांडला होता. कुणी कुठल्या दिवशी कांदा चिरायचा, इथपर्यंत. मावशींना तो फार आवडला नाही.

"काकू," तो पहिल्याच मीटिंगला म्हणाला, "तुमचा अनुभव काय सांगतो? तराफ्यावर सामान कसं ठेवावं?"

"बांधायचा," मावशी म्हणाल्या.

"काय काय?"

"सगला."

मला वाटलं, आता हसणार. पण तो म्हणाला, "अगदी बरोबर. इथे शिकवतातच तसं. तराफा उलटणार असं धरूनच चालायचं आणि चमचासुद्धा बांधायचा. काकूंना न सांगता माहीत आहे."

मावशींनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचा महिनाभर मान खाली घालून जिना चढत होतो. पण पुण्याचा मित्र थांबला नव्हता. "फक्त माणसं बांधायची नाहीत, काकू. तराफा उलटला तर बांधलेलं माणूस खाली अडकतं. सामान बांधायचं, माणूस मोकळं ठेवायचं."

हे मात्र मावशींना पटेना. मीटिंग संपली तरी त्या बसून राहिल्या. "सामान बांधायचा आनि मानूस मोकला? आनि मानूस सुटला तर?" मी सांगितलं की अंगात लाइफ जॅकेट असतं, माणूस तरंगतं, बाकीचे ओढून घेतात. "म्हनजे दुसऱ्याच्या भरवशावर," त्या म्हणाल्या. पुढचे कितीतरी दिवस त्या मासळी निवडताना, नळाला पाणी सोडताना हेच पुटपुटत होत्या. ज्या बाईने फडकासुद्धा मोकळा सोडला नाही, तिला हे पचायला जड जाणारच.

जेवणावरून वेगळंच महाभारत झालं. तक्त्यात मासळी नव्हती, वास येतो म्हणून. "दोन आठवडे नदीवर ऱ्हायचा आनि मासली नाय?" मावशींनी सुकट आणि बोंबील बाजारातल्या एका दुकानातून हवाबंद पाकिटांत भरून घेतले, एकावर एक तीन पिशव्या घालून. त्यानंतर माझ्या लॅपटॉपच्या बॅगेला वर्षभर तोच वास होता, कारण ती पाकिटं त्यांनी तीत ठेवून बघितली होती, किती मावतात ते.

मग संडासाची बातमी आली. त्या दरीत माणसाने काहीही मागे ठेवायचं नाही असा कडक नियम. लघवी नदीत, आणि उरलेलं सगळं डब्यात बंद करून, तराफ्यावर लादून, शेवटपर्यंत सोबत न्यायचं. मुलाने हे अडखळत सांगितलं. मी खाली बघत होतो. मावशींनी शांतपणे विचारलं, "डबा कोनाच्या बोटीत?" मुलगा म्हणाला, पाळी लावलीय. "झाकन घट्ट हाय?" हो म्हणाला. "आनि बांधलाय?" तोही हो. "मग काय अडचन हाय? ह्या दहा खोल्यांची टाकी मीच उपसून घेते ना." आमच्या इमारतीचा हा उल्लेख अमेरिकेपर्यंत जायला नको होता, पण गेला.

नारळाचा प्रश्न त्याहून अवघड निघाला. पाण्यावर जायचं तर पाण्याला नारळ द्यायचा, त्याशिवाय मावशी पाऊल टाकणार नव्हत्या. आणि नियम असा की नदीत काही टाकायचं नाही. मी त्यांना समजावलं, पुण्याच्या मित्राने समजावलं, मुलगा तर रडकुंडीला आला. शेवटी मावशींनीच तोड काढली. नारळ पाण्यात सोडायचा, तो तरंगत पुढे जाणार, मागून आपण जायचं आणि जाळीने उचलून घ्यायचा. "द्यायचा पन झाला आनि घ्यायचा पन झाला. तुज्या तक्त्यात लिही." त्याने लिहिलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

इतकं सगळं होईपर्यंत मला कसलीही शंका आली नव्हती. शंका आली ती सूर्या नदीवर.

एवढं मोठं पाणी अंगावर घ्यायचं तर आधी सराव हवा, हा आग्रह माझाच. मी म्हटलं, मुरब्याच्या खाडीत करू, तुमच्या दिराची बोट आहे, माणसं आहेत. मावशी म्हणाल्या, मुरब्यात नाय. सातपाटीला? नाय. केळवे-माहीमला? "समुद्राच्या बाजूला कुटंच नाय." मग आम्ही उलट्या दिशेला, मासवणच्या पुढे सूर्या नदीवर गेलो. पाऊस संपलेला, पाण्याला बेताची ओढ होती. क्रेनने ट्रकच्या ट्यूब आणि निळे प्लास्टिकचे ड्रम बांधून तराफा केला होता. ड्रममध्ये आधी काय होतं हे मी विचारलं, तर तो म्हणाला, "धो दिया है, साहब." माझ्या पेशाच्या माणसाला ह्यापेक्षा भयंकर उत्तर नाही.

मावशी काठावरच्या खडकावर शिट्टी घेऊन उभ्या राहिल्या. "तुमी बसा. मी बघते." मी आणि क्रेन बसलो. मला पोहता येत नाही हे मी त्या वेळेपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं, तराफा पहिल्या वळणावर फिरला तेव्हा मी ते बऱ्याच मोठ्याने सांगितलं. पडलो. पाणी कमरेएवढंच होतं, पण ते मला उभं राहिल्यावर कळलं.

क्रेन मला ओढत काठावर आणून म्हणाला, "मौसी, अब आप बैठिए. असली तो आपको जाना है." मावशी हलल्या नाहीत. तराफा पाण्यावर नुसता डुलत होता, आणि त्याच्याकडे बघता बघता त्यांचा चेहरा उतरत गेला. मग त्या खडकामागे गेल्या आणि तिकडून जो आवाज आला तो गाडी लागणाऱ्या माणसांच्या घरात वाढलेल्या मला चांगला ओळखीचा होता.

"मावशी," मी म्हटलं, "तुम्हाला बोट लागते?"

"बोट कशाला," त्या तोंड धूत म्हणाल्या, "मला बोटीकडे बघून लागतंय."

मग तिथेच, खडकावर बसून, त्यांनी सांगितलं. लग्न होऊन आल्या त्या वर्षी नारळी पुनवेला सासऱ्यांनी नव्या सुनेला मानाने बोटीवर चढवलं. गावातल्या सगळ्या बायका नटून काठावर, दुसऱ्या बोटींवर. बोट जराशी डुलली आणि नव्या सुनेने ओकारी केली ती थेट पूजेच्या ताटात. नारळावर, फुलांवर, सगळ्यावर. सासऱ्यांनी तिथल्या तिथे उतरवलं आणि सांगितलं, हिला परत बोटीवर आणायची नाय. सासरे गेले, नवरा गेला, तो शब्द तसाच राहिला. बोट त्यांच्या पैशांची, नाव त्यांचं, आणि दर पुनवेला त्या काठावर उभ्या. दीर दरवर्षी बोटीवरून ओरडायचा, "वैनी, येता का? बालदी आनू?" आणि अख्खा काठ हसायचा. त्यासुद्धा हसायच्या. मुलाला तो काकाचा नुसता विनोद वाटायचा. तो बोईसरला वाढलेला, त्याला ताटाची गोष्ट कोणी सांगितलीच नव्हती.

"येवड्या वर्षांत बोटीचा पुडला टोक कसा असतंय, मला म्हाईत नाय," त्या म्हणाल्या. "माजा नाव तिकडं बसतंय, मी नाय."

मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. मी म्हटलं, मुलाला खरं सांगू या, तो समजून घेईल. त्यांनी असं बघितलं की क्रेनसुद्धा दोन पावलं मागे सरला. "सांगशील तर खोली खाली कर. मी जानार. पुडं बसनार. आनि ओकनार नाय."

त्यानंतर आमच्या इमारतीत जे सुरू झालं त्याला सराव म्हणायचा की काय ते मला अजून ठरवता आलेलं नाही. गच्चीवर झोपाळा बांधला गेला. मावशी त्याच्यावर बसून सुकट निवडायच्या आणि संध्याकाळी कामावरून आलेला जो भाडेकरू हाती लागेल त्याला झोके द्यायला लावायच्या. आधी दोन झोक्यांत खेळ आटपायचा. मग पाच, मग सुपातली सगळी सुकट संपेपर्यंत. त्या खिशात, म्हणजे कनवटीला, लिंबू ठेवायच्या आणि मधून मधून हुंगायच्या. बोईसरच्या नवापूर रस्त्याला खड्डे पडले होते तेव्हा त्या रिक्षात पुढे ड्रायव्हरशेजारी बसून मुद्दाम जाऊन यायच्या. एकदा क्रेनने सुचवलं की मौसींना पाळण्यात बसवून कंपनीच्या क्रेनने वर उचलून हलवू. मावशींना कल्पना फार पसंत पडली. मी दोघांनाही सांगितलं की माझ्या हयातीत हे होणार नाही. माझी नोकरी गेली असती ते वेगळंच, पण ते दृश्य मला आयुष्यभर पुरलं असतं.

निघायच्या आधी आम्ही परत एकदा सूर्यावर गेलो. मावशी डोळे मिटून तराफ्यावर बसल्या, वळणापर्यंत गेल्या, आणि खाली उतरून म्हणाल्या, "बघ. काय नाय झाला." तोंडाचा रंग मेणबत्तीसारखा होता, पण झालं काही नव्हतं हे खरं.

जूनच्या सुरुवातीला त्या गेल्या. तिकडच्या विमानतळावरची त्यांची पहिली बातमी मुलानेच सांगितली. तपासणीचा कुत्रा त्यांच्या बॅगेपाशी येऊन बसला तो उठेचना. अधिकाऱ्याने बॅग उघडली, बोंबील बघितले, परवानगी आहे म्हणून सोडले. कुत्र्याला मात्र ओढून न्यावं लागलं. मावशींचं म्हणणं, सगळ्या अमेरिकेत मासळीची पारख असलेला तो एकटाच होता.

मग फोन बंद. दरीत फोन लागत नाही हे मला माहीत होतं, तक्ता माझ्यासमोर होता, तरी मला भीती वाटायची. त्या नदीचं पाणी धरणाच्या तळातून येतं, बर्फासारखं गार, आणि वर ऊन असं की दगड भाजतो. तिथे आमची म्हातारी, जिला खाडी बघून कसंतरी होतं. सकाळी ओट्यावर कोणी हवा हुंगायला नाही, त्यामुळे छत्री न्यायची की नाही तेही कळेना. क्रेन रोज संध्याकाळी विचारायचा, "मौसी का फोन?" आणि आम्ही दोघे उगाच गच्चीवर जाऊन रिकाम्या झोपाळ्याजवळ उभे राहायचो. मला त्यांची इतकी आठवण येईल असं मला वाटलं नव्हतं.

शेवटी मुलाने व्हिडिओ पाठवला. तराफ्याच्या अगदी पुढच्या टोकाला मावशी. डोक्याला हेल्मेट, अंगात केशरी जॅकेट, खाली पोराची पँट, आणि हेल्मेटखालून कापडी फुलांचा गजरा. पुढे पाण्याची भिंत उभी राहते, तराफा तिच्यात घुसतो, एक क्षण कोणीच दिसत नाही. मग मावशी दिसतात, नखशिखान्त भिजलेल्या, दोन्ही हातांनी दोरी धरून समोरच्या लाटेला शिव्या घालतायत. बाजारात भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला घालायच्या अगदी त्याच शिव्या. मागून पुण्याचा मित्र ओरडतोय, "काकू, बसा." पूर्ण दोन आठवडे त्या लिंबू हुंगत पुढे बसल्या, आणि एकदाही ओकल्या नाहीत. पुण्याचा मित्र मात्र दुसऱ्याच दिवशी ओकला, हे त्यांनी मला जुलैअखेर परत आल्या आल्या, चपला काढायच्या आधी सांगितलं.

मी म्हटलं, "मावशी, जिंकलात. आता महिनाभर आराम करा."

"आराम कसला?" त्या म्हणाल्या. "नारली पुनव आली. अमेरिका तर सरावाला होती रे, सेफ्टी. खरी बोट मुरब्यात हाय."

मी वर्षभर उलटं समजत होतो. सूर्या, झोपाळा, रिक्षा, ती अख्खी लाल दरी, हे सगळं त्यांनी एका खाडीसाठी केलं होतं.

पुनवेला मी आणि क्रेन मुरब्याला गेलो. बोटी पताकांनी सजलेल्या, काठावर गर्दी, बँडवाले घामाघूम. मावशी हिरव्या लुगड्यात, वरून ते केशरी जॅकेट. बायकांच्या घोळक्यातून बाहेर पडून त्या सरळ आपल्या बोटीकडे चालू लागल्या. दिराने वरून पाहिलं आणि सवयीने ओरडला, "वैनी, येता का? बालदी आनू?"

काठ हसला. मावशी थांबल्या नाहीत.

"आन," त्या म्हणाल्या.

दीर गडबडला. पण शब्द त्याचाच होता, बालदी आणावी लागली. मावशी हाताचा आधार न घेता बोटीवर चढल्या, बालदी त्याच्या हातातून घेतली, पुढच्या टोकाला नेऊन उपडी ठेवली आणि तिच्यावर बसल्या. खाली दोन्ही बाजूंनी लाल-पिवळ्या रंगात त्यांचं नाव. आम्हा दोघांनाही त्यांनी वर बोलावून घेतलं. काठावरचं हसणं आता थांबलं होतं.

खाडीच्या तोंडापर्यंत सगळं उत्तम चाललं होतं. मावशी दिराला बोट कशी चालवावी ते सांगत होत्या, अमेरिकेतल्या दोऱ्या कशा पातळ असतात ते सांगत होत्या. मग नारळ सोडायला इंजिन बंद केलं. बोट थांबली आणि जागच्या जागी डुलायला लागली, हळूहळू, सावकाश. एवढ्या खवळलेल्या नदीने जे केलं नाही ते ह्या संथ पाण्याने केलं. बोलता बोलता मावशी एकदम गप्प झाल्या. मी लिंबू काढेपर्यंत उशीर झाला होता. बालदी त्यांच्याच बुडाखाली. त्या पुढे वाकल्या, आणि जे काही होतं ते टोकावरून खाली, त्यांच्या स्वतःच्या नावावर.

आजूबाजूच्या बोटींवरून सगळे बघत होते. शेजारच्या बोटीवरचा बँडसुद्धा थांबला. मला वाटलं, संपलं. वर्षभराची मेहनत पाण्यात, आता ही बाई परत कधी मान वर करणार नाही.

दीर धावत पुढे आला, हातात दोरी. आज तो हसत नव्हता. "वैनी, पडशील. थांब, बांधून घेतो तुला. आपुन मागं फिरू."

मावशींनी पदराने तोंड पुसलं. दोरीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"सामान बांधतात," त्या म्हणाल्या. "मानूस मोकला ठेवायचा. आनि माजी बोट मागं फिरवायला तुला कोनी सांगितला? नारल दे इकडं."

त्याने नारळ त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो पाण्यात सोडला, ह्या वेळी परत उचलायचा नव्हता. मग त्या बालदीवर नीट सावरून बसल्या आणि दिराने इंजिन सुरू केलं.